भिंगांची मोजणी

पुंता अरेनासला वारा असा
की नाक्यानाक्यावर दोर बांधलेले असतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
मी डोळे तपासते. दुकानात रोज,
आणि महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तुरुंगात.

आदल्या रात्री पेटी उघडून मोजते:
दोनशे बत्तीस भिंगं, चाचणीची एक चौकट,
एक पेचकस, करंगळीएवढा.
स्कार्फ घरी. कानातले घरी.
अत्तर नाही. नवऱ्याचं नाव नाही,
मुलाची शाळा कुठली, ते नाही.
'तुमच्याकडे कुत्रं आहे का हो, बाई?'
याचंही उत्तर नाही.
(आहे. म्हातारं झालंय. मोतीबिंदू.)

फाटकावर हवालदार ओयार्सून
एकेक भिंग उजेडाला धरून मोजते,
मीही मोजते, ओठांतल्या ओठांत,
मग दोघी सह्या करतो.
पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा.
ती म्हणाली होती, 'काच आहे ती.
तुला त्यात नंबर दिसतो, मला धार.'

दाराजवळची खुर्ची माझी, त्यांची नव्हे.
दार अर्धं उघडं. गजराचं बटण कमरेला.
हात लावण्याआधी सांगायचं: आता हनुवटी धरते.
सगळ्यांना सेन्योर म्हणायचं,
ज्याचा फोटो पेपरात आला होता त्यालासुद्धा.
काय केलंस, हे विचारायचं नाही.
डोळ्याच्या पडद्यावर ते दिसत नाही.
मी शोधलंय, खोटं कशाला बोलू.

जुलैतला गुरुवार. तीनलाच दिवे लागलेले.
एलिसेओ कार्कामो, वय एकाहत्तर,
चिलोए बेटावरचा, होड्या बांधणारा.
अडीचची भिंगं चढवली तसा गप्प झाला.
स्वतःच्या हातांकडे बघत राहिला,
जणू कुणी ते मांडीवर विसरून गेलंय.
मग खिशातून कागद काढला, घडीवर फाटलेला.
'तीन वर्षं झाली याला.
वाचून दाखव म्हणून इथे कुणाच्या हातात देणार?'
मी म्हटलं, वाचा.
आणि पुढच्या माणसाकडे वळले.

ही चूक. इथे लिहिते, कारण अहवालातही लिहिली.

साडेचारला पेटीत दोनशे तीस.
चौकटीची जागा रिकामी.
मला आठवलं तोवर भोंगा झाला होता,
बराकी बंद, चौघे काठ्या घेऊन धावलेले.
तो खिडकीखाली बसला होता.
भोंगा त्याला ऐकू आला नसावा.
चौकट दोन्ही हातांनी काढून दिली त्याने,
अंडं द्यावं तशी.

मी मोठ्यानं म्हटलं, पुरेसं मोठ्यानं:
'मी दिली. परत घ्यायची राहिली माझ्याकडून.
नोंद माझ्या नावावर.'
ओयार्सूननं लिहून घेतलं. शब्द एक बदलला नाही.
दोन महिने माझा परवाना बंद.

निघताना तो म्हणाला,
'पोरीनं लिहिलंय, दार हिरवं रंगवलं.
तुम्ही गावातच राहता. तिला एवढंच सांगा,
बापानं वाचलं.'

बापानं वाचलं. दोन शब्द.
यात चाकू नाही, पैसा नाही, काही नाही.
मी म्हटलं, 'समाजसेविका मंगळवारी येतात, दहाला.
त्यांना सांगा. चष्मा सप्टेंबरमध्ये,
प्लॅस्टिकचा, बिनधातूचा.'
त्याने मान हलवली नाही.
माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्या दिशेला;
भिंगं आता पेटीत होती.

पाकिटाच्या मागे पत्ता होता.
मुद्दाम नाही वाचला. पण बारीक अक्षर
लांबून वाचणं हाच माझा धंदा.
माझी बस त्याच रस्त्यानं जाते.
चढावर, पत्र्याच्या घरांच्या रांगेत, हिरवं दार आहे.
रंग तीन वर्षांच्या वाऱ्यानं उडालाय,
कडेला पोपडे.

एकदा दारात बाई दिसली, दूध आत घेताना.

मी डोळे मिटत नाही.
फक्त उतरत नाही.
पुढच्या नाक्यावर उतरते,
दोर धरते,
आणि घरी जाऊन पुन्हा मोजते.